पाचवं शील

शनिवारी सकाळी नळाचं पाणी मध्येच गेलं नसतं, तर सम्राटला ते कधी कळलंही नसतं. सावेडीतल्या त्या फ्लॅटमध्ये पाणी एक दिवसाआड येतं, आणि आलं तरी आपल्या मर्जीनं जातं. अर्ध्या गालाला फेस लावून तो बेसिनपाशी उभा होता, तोटीनं एक उचकी दिली आणि ती गप्प झाली. पंखा बंद, रस्ता अजून जागा व्हायचा होता. त्या गप्प घरात आईचा आवाज तेवढा चालू राहिला. चांगुणाबाईंची रोजची वंदना. त्रिशरण झालं होतं, पंचशील सुरू होतं. जन्मापासून कानांवरून गेलेले शब्द, म्हणजे ऐकू येतात पण ऐकत कोणी नाही, अशातले. हिंसा न करण्याचं पहिलं, चोरी न करण्याचं दुसरं, मग तिसरं, मग खोटं न बोलण्याचं चौथं. आणि मग काडेपेटी खणात टाकल्याचा आवाज, गुडघ्यावर हात रेटून ‘अगं आई गं’ करत उठल्याचा आवाज, चहाच्या पातेल्यावर झाकण. सम्राटनं ब्रश खाली ठेवला. शाळेतल्या पोरानं पाढ्यात चूक पकडावी तसं त्यानं बोटांवर मोजून पाहिलं. चारच झाली होती. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आईनं म्हटलंच नव्हतं.

विसरली असेल, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण विसरणारी बाई ती नव्हे. बाहत्तराव्या वर्षी तिला गावातल्या प्रत्येक पोराचं जन्मसाल तोंडपाठ होतं, कुठल्या लग्नात कोणी कोणाला कसलं पातळ दिलं ते आठवत होतं, आणि पन्नास-पंचावन्न वर्षं सकाळ-संध्याकाळ म्हटलेलं ती आजच, बरोबर आजच, विसरेल? उद्या रविवार होता. उद्या दहा वाजता सुप्याच्या एमआयडीसीत ‘कोरडवाहू’च्या, त्याच्या बिअरच्या कंपनीच्या, नव्या प्लांटचं उद्घाटन होतं, आणि पहिल्या बॅचचं बटण आई दाबणार होती. आठ वर्षं त्याला हेच हवं होतं. बाकी जे मिळालं ते कौतुकाचं होतं, खोटं कशाला बोला, त्यालाही ते गोड लागलं होतं. पण हवंहवंसं, जीव टांगून ठेवलेलं असं एकच होतं: आईनं एकदा आत यावं. सहा वर्षं ती त्याच्याकडे राहत होती आणि एकदाही तिनं ब्रुअरीचा उंबरा ओलांडला नव्हता. एसटीनं पुण्याला जायची वेळ आली तर ती मुद्दाम रस्त्याच्या पलीकडच्या बाजूची खिडकी धरून बसायची, म्हणजे सुपं येतं तेव्हा आपोआप दुसरीकडे बघणं होतं. तो कधी बोलला नाही. तीही बोलली नाही. आणि महिन्याभरापूर्वी त्यानं जेवताना, मान खाली घालून विचारलं, तर ती ‘येईन की’ म्हणाली, भाकरीचा तुकडा मोडावा इतक्या सहज. तेव्हापासून तो हवेत होता.

राहिलेल्या गालावरचा फेस टॉवेलनं पुसून, अर्धी दाढी तशीच ठेवून तो बाहेर पडला. आईनं चहा दिला, दाढीकडे पाहिलं. गाडी पुणे रस्त्याला लागली तरी तो चारच मोजत होता. मग पाचवं आठवायला लागला, आणि पाचवं आठवायचं म्हणजे दादा आठवायचे. कारण त्यांच्या घरात पाचवं शील हे दादांचं होतं. वडलांना तो दादा म्हणायचा. रंगनाथ हे त्यांचं नाव. प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्याच्या आसवणीत, यीस्टच्या टाक्यांवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. मळी पातळ करायची, टाकीत सोडायची, तिच्यावर फेस उकळायला लागला की शिडीवर उभं राहून बघत बसायचं. गंमत अशी की या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, आणि आयुष्यभर त्याच्या अंगाला दारूचा वास आला. आंबट-गोड, जड, डोक्यात जाणारा वास. केसांना, सदऱ्याला, सायकलीच्या मुठींना. एसटीत शेजारी बसलेली माणसं उठून जायची. संगमनेरला एकदा एका दुकानदारानं ‘सकाळी सकाळीच?’ असं विचारलं, तर दादा नुसते हसले. आईनं अंगणात वेगळा दगड ठेवला होता. त्यांचे कामाचे कपडे उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत, त्या दगडावर धुतले जायचे, वेगळ्या तारेवर वाळायचे. ते घासूनपुसून आंघोळ करून आत येत आणि मग आई ताट वाढे. आणि इतकं सगळं करून तो वास घरात असायचाच.

रविवारी विहारात दादा मागे, दारापाशी बसायचे. कोणी सांगितलं नव्हतं, आपणच. आणि वंदना चालू झाली की पहिली चार शीलं सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायचे, आणि पाचवं आलं की त्यांचा आवाज चढायचा. एकट्याचा. शेवटचं ‘समादियामि’, ‘हे व्रत मी घेतो’ म्हणणारं, तर असं ओढायचे की भिंतीला लागून परत यावं. पोरं फिदीफिदी हसायची. हसणारच, पाचवं शील मोठ्यानं म्हणणाऱ्याच्या अंगाला गुत्त्याचा वास. एका रविवारी, सम्राट तेव्हा बारा वर्षांचा असेल, तो दादांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. पोरं हसली आणि तो सरकला. फार नाही, एका सतरंजीच्या पट्टीएवढा. दादांनी पाहिलं. डोळे मिटून म्हणत होते तरी त्यांनी पाहिलं, हे त्याला नक्की माहीत आहे, कारण त्या दिवशी ‘समादियामि’ लवकर संपलं. तेवढं एक अंतर. तीस वर्षांत सम्राटनं ते कितीदा मोजलं असेल. कोणाला सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. सांगितली तर लोक म्हणतील, एवढंच ना?

मग दादा रिटायर झाले आणि वर्षाच्या आत वास गेला. साबण, ऊन, म्हातारपण, कशानं गेला कोण जाणे. आई एकदा त्याला फोनवर म्हणाली होती, ‘ह्यांच्या अंगाला आता वासच येत न्हाई रं, बिऱ्हाडात कुनी पाव्हना आल्यावानी वाटतंय.’ तेव्हा तो पुण्याला पंप आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता आणि घाईत होता, त्यानं ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला. त्यानंतर चार वर्षांनी दादा गेले. आणि ते गेल्यावर आठ महिन्यांनी, बाणेर रस्त्यावरच्या एका हॉटेलात बिअरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला त्याला बोलावलं. हॉटेलवाल्यानं टाकीचं झाकण उघडलं. आत फेस फुटत होता. वास वर आला आणि सम्राट पाना हातात धरून तसाच उभा राहिला. तो वास दादांचा नव्हता, पण दादांच्या भावकीतला होता. चुलत्याचा चेहरा पाहून बापाची हनुवटी आठवावी तसं झालं. हॉटेलवाला म्हणाला, ‘काय साहेब, बरं वाटत नाही का?’ सम्राटला एकदम इतकं रडू आलं की त्याला संडास कुठं आहे ते विचारावं लागलं. लोकांना तो पुढे मुलाखतींतून सांगत आला की बाजरीला बाजारभाव मिळावा म्हणून आपण हा उद्योग काढला. तेही खोटं नव्हतं. पण खरं हे होतं की त्याला सतरंजीची ती पट्टी ओलांडून परत सरकून बसायचं होतं.

अवधूतला यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यानं ते बाटलीच्या लेबलावर छापायला काढलं असतं. अवधूत हा कॉलेजातला मित्र. संगमनेरच्या शामकांत मास्तरांचा मुलगा, घरात तीन पिढ्या शिक्षकी, बोलण्यात पटाईत आणि मनानं सोन्यासारखा. त्याला बिअर ही मजा होती. घरी सांगितलं तेव्हा मास्तर म्हणे हसून म्हणाले, ‘रसायनशास्त्राचं चीज केलंस.’ बस, संपलं. सम्राटच्या गावी मात्र बातमी पोचली तेव्हा पारावर एक जण म्हणाला, बापानं वास आणला, पोरगं बाटली आणतंय. ज्या वस्तीनं बाबासाहेबांच्या मागं जाताना पहिल्यांदा काय सोडलं तर दारू, त्या वस्तीतलं पोरगं तीच करायला निघालं होतं. अवधूतच्या वाट्याला फक्त धंद्याची जोखीम होती. सम्राटच्या वाट्याची जोखीम कुठल्या कागदावर येणारी नव्हती. पारनेर तालुक्यात एका गावी त्यांनी जागा बघितली, ग्रामसभेत परवानगीचा विषय निघाला. त्या गावच्या बायांनी पूर्वी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं होतं, चिठ्ठीवरच्या आडव्या बाटलीवर शिक्के मारून. अवधूत पंचवीस मिनिटं बोलला. बाजरी, रोजगार, निर्यात. शेवटी गोजरबाई म्हणून एक म्हातारी उठली. अवधूतकडं बघितलंही नाही तिनं. सम्राटला म्हणाली, ‘तुजी आई काय म्हनती ह्याला?’ सभा त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं आईला विचारलंच नव्हतं. विषय नामंजूर झाला, आणि झाला ते बरंच झालं असं त्याला घरी परतताना वाटलं होतं.

म्हणून मग सुपं. एमआयडीसीच्या टोकाला एक खाजगी दूध डेअरी बंद पडली होती. तिच्या दूध गार करायच्या दोन स्टीलच्या टाक्या भंगारात चालल्या होत्या, त्या यांनी उचलल्या. हा नगर जिल्हा. इथं माणसाला दुसरी कुठली टाकी सुचणार? आणि धुतलीही त्यांनी दुधाची टाकी धुवावी तशीच, सोडा, कढत पाणी, परत सोडा. झाकणाच्या रबरी कडीच्या खोबणीत जुनं दूध वाळून बसलंय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. परवाना हातात पडला, बाजरीच्या माल्टची पहिली बॅच टाकली, पंधरा दिवसांनी पाहतात तो सगळी आंबलेली, ताकाच्या वळणाची. अवधूत डोकं धरून बसला. सम्राटनं पेला तोंडाला लावला आणि त्याला उन्हाळ्यातलं गाव आठवलं, आईनं मडक्यात घातलेली आंबील, वर तरंगणारा कांदा. ‘ओतायची नाही,’ तो म्हणाला, ‘हीच विकायची.’ पुण्यातल्या लोकांनी ती आंबट बिअर अशी उचलली की पुढच्या बॅचला हे दोघे वेड्यासारखे जुन्या रबरी कड्या शोधत भंगार बाजार फिरत होते. नंतर एका बाईंनी प्रयोगशाळेत तो दुधाचा जंतू वेगळा काढून दिला, सगळं रीतसर झालं, मग दोनाच्या चार टाक्या झाल्या, चाराच्या नऊ. पुणे, मुंबई, गोवा. ‘नगरच्या बाजरीची पुण्याला झिंग’ अशी बातमी फोटोसकट आली. आईला ती कोणी दाखवली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दादांच्या तसबिरीच्या चौकटीत सम्राटचा चेहरा खोचलेला होता, कात्रीनं नीट कापलेला. मथळा नाही, हातातला पेला नाही, मनगटाच्या वरून कापलेला.

आणि बाजरीला मोड आणायचे कसे हे त्याला आईनंच शिकवलं होतं. तेव्हा ती अजून गावी होती. त्यानं फोन करून आडून आडून विचारलं. ती उत्साहानं सांगत बसली. रात्रभर भिजव, फडक्यात बांध, उबेला ठेव, मोड नखाएवढा झाला का सावलीत वाळव. मग म्हणाली, ‘कुनाला लेकरू झालं? सत्त्व करायचंय का?’ त्यानं ‘मित्राला’ म्हणून सांगितलं. पुढं तिला सगळं कळलं, तेव्हाही ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, ‘मंग मोड लई वाढू दिऊ नगंस. कडू हुतंय.’ एवढंच. त्यावर त्यानं किती इमले बांधले होते! आई मान्य करतेय, आई येईल, आई टाकीजवळ उभी राहील, वास घेईल आणि तिच्या चेहऱ्यावर दादा दिसतील. तो वास त्याला स्वतःला अजून मिळाला नव्हता. आठ वर्षांत शेकडो बॅचेस झाल्या, प्रत्येक टाकीचं झाकण तो स्वतः उघडून नाक आत घालायचा. अवधूत त्याला यावरून ‘वैद्यबुवा’ म्हणायचा. एकदा तर त्यानं कोणाला न सांगता मळी मिसळून पाहिली. भयंकर काहीतरी झालं, सगळं ओतून द्यावं लागलं. दादांचा वास आला नाही. जवळ येऊन, वळणावर उभा राहून, परत जायचा तो.

नव्या प्लांटमध्ये शनिवारी सकाळी लग्नघरासारखी धांदल होती. झेंडूच्या माळा चढत होत्या, बटणाच्या खांबाला अवधूतची बायको मैत्रेयी रेशमी फीत बांधत होती. ‘आईंसाठी पाट ठेवू का रे पायाखाली? उंच पडेल त्यांना,’ तिनं विचारलं. अवधूत सम्राटच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, ‘फोटोग्राफरला सांगितलंय, आईंचा हात आणि बटण, क्लोज. उद्या महाराष्ट्रभर जाईल. नगरच्या माऊलीच्या हातून...’ मग तो थांबला. ‘दाढी अर्धीच?’ ‘पाणी गेलं,’ सम्राट म्हणाला. त्याला एकदम तो फोटो दिसला. आईचा हात. निळ्या शिरांचा, बांगडी नसलेला हात, आणि त्याखाली बटण. आणि या वेळी कापायला कात्री तिच्याकडे असणार नव्हती. मागच्या दाराशी चोथा न्यायला कारभारी आला होता. माल्ट उकळून उरलेला बाजरीचा चोथा तो पहिल्या दिवसापासून गायांसाठी नेतो, साठीचा माळकरी गडी, बिअरला शिवत नाही पण टाक्यांना येता-जाता हात जोडतो. ‘सायेब, गाया लई खूश हायेत बरं का,’ तो रोजच्यासारखं म्हणाला. ‘उद्या आईसाहेब येनार म्हनं?’ सम्राट ‘हो’ म्हणाला.

त्या दिवशी त्यानं काय काम केलं ते त्याला सांगता आलं नसतं. मध्येच माधुरी आठवली, जिच्याशी लग्न व्हायचं होतं ती. तिचंही असंच. तिचे वडील रिटायर्ड मुख्याध्यापक, त्यांना मुलगा पसंत होता, शिक्षण पसंत होतं, सगळं पसंत. फक्त ते म्हणाले, चार माणसांत जावई काय करतो म्हणून विचारलं तर मी काय सांगू? माधुरी म्हणाली होती, काहीही सांगा. पण नाही जमलं. लग्न राहूनच गेलं. त्याचं त्याला वाईट वाटून झालं होतं, हळूहळू ते बोथट झालं होतं. पण आज त्याला वाटलं, सगळेच त्याच्यापाशी येऊन एक गोष्ट गाळतात. मुख्याध्यापक गाळतात, कात्री गाळते, आई गाळते. त्याच्यावर प्रेम करायचं तर काहीतरी गाळावं लागतं. आणि आईनं गाळलेलं ते साधं नव्हतं. ते दादांचं होतं. मुलाला झाकण्यासाठी तिनं दादांचा आवाज बंद केला होता, आणि तोही चौथ्यावर, खोटं न बोलण्यावर येऊन थांबून. उद्या ती बटण दाबेल. मग तर ते पाचवं कायमचंच गेलं. त्याला ते ऐकावंसं वाटायला लागलं. अशी ओढ लागली की खांबाला टेकून त्यानं मनातल्या मनात दादांचा तो चढा, ओढलेला शब्द ऐकायचा प्रयत्न केला, पण टाक्यांच्या पंपांच्या आवाजात काही ऐकू येईना.

चार वाजताच तो घरी आला. आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. आत पलंगावर तिचं पांढरं पातळ घडी घालून ठेवलेलं होतं, जयंतीला नेसायचं, उद्यासाठी काढलेलं. तो तिच्यासमोर खाली बसला, एक जुडी स्वतःकडे ओढली.

‘आई, सकाळी पाचवं ऱ्हायलं.’

‘काय ऱ्हायलं?’

‘पाचवं शील. चारावरच उठलीस तू.’

चांगुणाबाईंनी मान वर केली नाही. एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. ‘ऱ्हातंय कसं? म्हनते की. तू भाईर पडलास का म्हनते.’

‘रोज?’

‘रोज. तुजं दार लागलं, लिफ्टचा आवाज झाला का म्हनते.’

‘सहा वर्सं झाली आई तुला हितं येऊन.’

‘व्हय की.’ मग तिनं हात थांबवले. ‘तुज्या म्होरं म्हनलं तर तुला लागंल. न्हाई म्हनलं तर ह्यास्नी लागंल. मंग म्या आपलं असं वाटून दिलं. तुजं बी ऱ्हातंय, त्यांचं बी ऱ्हातंय.’

‘मला कशाला लागंल? मी काय बारका हाय?’

‘न्हाई लागनार?’

तिनं आता सरळ त्याच्याकडे पाहिलं. तो ‘न्हाई’ म्हणणार होता, तोंड उघडलंही होतं. पण हातातली काडीच मोडली. मेथीचा हिरवा, कडवट वास दोघांच्या मध्ये होता. जुडी संपवून तो म्हणाला, ‘उद्या बटन दाबायचंय तुला. मनापास्नं येनार हाईस का माज्यासाठी?’

‘तुज्यासाठी म्हंजी मनापास्नंच की रं,’ ती म्हणाली, जरा वैतागून, विचारायची गोष्ट आहे का ही अशा सुरात. पुन्हा मेथीकडे वळली. आणि मग, बस कुठं मिळेल ते विचारावं तसं तिनं विचारलं, ‘दाबल्यावर हात धुवाया पानी हाय ना तितं?’

तिच्या मनात टोमणा नव्हता. तेच तर होतं. असती टोचून बोलणारी बाई तर त्याला सोपं गेलं असतं. चार शब्द बोलून दोघं मोकळे झाले असते. पण तिनं नुसती व्यवस्था विचारली होती. एकतीस वर्षं अंगणातल्या दगडावर कपडे धुतले, तसं उद्या बटण दाबून हात धुवायचे, घरी यायचं, आंघोळ करायची, आणि लेक बाहेर गेला की राहिलेलं म्हणायचं. सगळ्यांचं सगळं ठेवायचं. ‘हाय,’ तो म्हणाला, ‘पानी हाय.’ मग तो आत गेला आणि सकाळची अर्धी राहिलेली दाढी करायला लागला. आरशात त्याला स्वतःची हनुवटी दिसली आणि ती कोणाची आहे हे माहीत असूनही तो तिच्याकडे बघत राहिला.

रविवारी तो नेहमीपेक्षा आधी उठला. आईची आंघोळ झाली होती, पांढरं पातळ नेसून ती तसबिरीसमोर बसली होती. त्यानं या वेळी पाणी सोडलं नाही. खोलीच्या दारात उभं राहून ऐकलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. ती थांबली, काडेपेटीकडे हात नेला आणि तो मागे आहे हे तिला जाणवलं. ‘आवरलं का तुजं?’ ती म्हणाली. ‘म्या तयारच हाय.’

‘आई,’ तो म्हणाला, ‘तू नगं येऊ आज.’

तिला समजलं नाही. ‘का रं? लोकं आल्यात ना सगळी?’

‘येनार हायेत. कारभारी दाबतील बटन. त्यांच्या गाया आपल्यावर खूश हायेत.’

ती हसली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, लहानपणी ताप आहे का बघायची तशी. ‘रागावलास माज्यावर?’

‘न्हाई. दादांची शपथ, न्हाई.’

‘म्या लुगडं बी काढलं हुतं,’ ती म्हणाली. आणि बोलता बोलता तिचे खांदे सैल पडले, कळत नकळत; महिनाभर ती काय धरून बसली होती ते त्याला आता, सुटल्यावर, दिसलं. ‘मंग म्होरल्या टायमाला येईन,’ ती म्हणाली. ‘व्हय,’ तो म्हणाला. दोघांनाही माहीत होतं. आठ वर्षं जे उराशी धरलं होतं ते त्यानं आत्ता या दोन वाक्यांत सोडून दिलं होतं, आणि ती आता कधीच त्या टाक्यांजवळ उभी राहणार नव्हती. त्याला खूप वाईट वाटलं. त्यानं बूट घातले, वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि बाहेर येऊन दार रोजच्यापेक्षा जोरात ओढलं.

लिफ्ट वर आली. त्यानं जाळीचं दार उघडलं, हात आत घालून तळमजल्याचं बटण दाबलं, दार लावलं, आणि रिकामी लिफ्ट घरघरत खाली गेली. तो तिथंच, पायपुसण्यावर, श्वास धरून उभा राहिला. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्टीला आला होता. मग आतून आवाज आला. बाईमाणसाचा, थकलेला, पण चढा; ती बसल्या जागी जितक्या मोठ्यानं म्हणता येईल तितक्या मोठ्यानं म्हणत होती, एकटीच, पाचवं. आणि शेवटचा शब्द तिनं ओढला. दादांसारखा. भिंतीला लागून परत यावा इतका. सम्राटचे ओठ हलले, पण शब्द त्यानं उच्चारला नाही. तो म्हणायचा हक्क त्यानं आपल्या हातानं सोडला होता, आणि आज दहा वाजता पुन्हा सोडणार होता. त्यानं नुसता तळहात दारावर ठेवला आणि, हसू येईल सांगितलं तर, तो दाराच्या आणखी जवळ सरकला.

आत काडेपेटी खणात पडली. गुडघ्यावर हात रेटल्याचा आवाज झाला. मग चांगुणाबाई तसबिरीशी बोलल्या, रोज बोलत असाव्यात तशा, साध्या आवाजात.

‘झालं, ओ. पोरगं कामाला गेलं.’

सम्राटनं तळहात दारावरून काढला. आवाज होऊ नये म्हणून बूट हातात घेतले, चार मजले जिन्यानं उतरला, खाली पायरीवर बसून बूट परत घातले, आणि कामाला गेला.